शिडाचें तारूं आणि विजेची तार

शहरांतील घरांत सायंकाळीं भिंतीवरील खटका दाबला कीं दिवा लागतो. ती वीज कोठून आली, किती दुरून आली आणि वाटेंत तिची किती गळती झाली, ह्याचा विचार करण्याचें कारण सहसा कोणास पडत नाहीं. घटकाभर वीज गेली तर मेणबत्ती शोधली जाते, आणि वीज परत आली कीं तो प्रसंग विसरला जातो. भर समुद्रांत एकट्या चाललेल्या शिडाच्या लहान नौकेवर मात्र स्थिति निराळी असते. तेथें लागेल तेवढी वीज नौकेवरच निर्माण करावी लागते, तेथेंच सांठवावी लागते, आणि खाऱ्या हवेनें गंजणाऱ्या तारेंतून यंत्रापर्यंत पोंचवावी लागते. वारा शिडाला फुकट मिळतो. दिव्याला व यंत्राला वीज तशी मिळत नाहीं. आपण कोठें आहों, आणि आपली हांक कोणाला ऐकूं जाईल काय, हे खलाशाचे दोन पुरातन प्रश्न होत. त्यांचीं उत्तरें गेल्या शंभर-सव्वाशें वर्षांत हळूहळू ह्या तारेच्या स्वाधीन होत गेलीं. तें कसें घडलें, आणि घडतां घडतां माणसाला काय शिकावें लागलें, तें जाणण्यासारखें आहे.

प्रारंभ विजेविना झाला. एकट्यानें शिडाच्या नौकेंतून पृथ्वीप्रदक्षिणा करणारा पहिला पुरुष जोशुआ स्लोकम हा २४ एप्रिल १८९५ रोजीं अमेरिकेंतील बॉस्टन बंदरांतून निघाला आणि २७ जून १८९८ रोजीं न्यूपोर्ट बंदरीं परतला. ‘स्प्रे’ नांवाच्या सुमारें ३७ फूट लांबीच्या नौकेंतून त्यानें ४६,००० मैलांचा प्रवास केला. तीवर दिवा होता तो तेलाचा, आणि घड्याळ होतें तें पत्र्याचें. दीड डॉलर किमतीचें हें घड्याळ तबकडी फुटलेली असल्यामुळें दुकानदारानें त्यास एका डॉलरला दिलें होतें. सूर्यचंद्र, होकायंत्र आणि अनुभव ह्यांच्या बळावर आपण कोठें आहों, ह्या पहिल्या प्रश्नाचें उत्तर स्लोकमनें मिळविलें. दुसऱ्या प्रश्नाला मात्र त्याच्यापाशीं उत्तर नव्हतें. पुढें दहा-अकरा वर्षांनीं तो त्याच नौकेंतून पुन्हां समुद्रावर गेला, तो परत आला नाहीं. त्याचें काय झालें, हें आजवर कोणास कळलेलें नाहीं. हांक मारण्याचें साधनच नसल्यामुळें त्याचा शेवट समुद्रानें आपल्यापाशींच ठेवला.

ह्याच सुमारास मोठ्या आगबोटींवर वीज येऊन पोंचली होती. १८८० सालीं ‘कोलंबिया’ नांवाच्या अमेरिकन आगबोटीवर एडिसनचे विजेचे दिवे लागले. त्यानंतर मार्कोनीच्या बिनतारी यंत्रानें आगबोटींना वाचा दिली. १५ एप्रिल १९१२ रोजीं ‘टायटॅनिक’ बुडाली, तेव्हां सुमारें सातशें माणसें वांचलीं तीं बिनतारी संदेश ऐकून धांवून आलेल्या ‘कार्पाथिया’मुळें. त्या संदेशामागें आणखीही एक गोष्ट होती. जहाज बुडत असतां खालच्या भागांतील अभियंते अगदीं अखेरीपर्यंत विजेचीं यंत्रें चालवीत राहिले. त्यांच्यापैकीं एकही वांचला नाहीं. बिनतारी यंत्राला बाहेर तार लागत नसेल, पण त्याच्या पोटांत वीज नेणारी तार तुटली तर तें मुकें होतें, हें त्या रात्रीं दिसून आलें. १९१४ सालीं लंडन येथें समुद्रावरील जीवितरक्षणाचा जो आंतरराष्ट्रीय करार झाला, त्यांत पन्नास वा अधिक माणसें नेणाऱ्या जहाजांवर बिनतारी यंत्र असलेंच पाहिजे असें कलम घालण्यांत आलें.

शिडाच्या लहान तारवाला ह्यांतलें कांहींच लवकर लाभलें नाहीं, आणि त्याचें कारण उघड आहे. आगबोटीच्या बॉयलरमध्यें वाफ सतत तयार असे. तीवर जनित्र फिरविण्यास वेगळे सायास नव्हते. शिडाच्या नौकेवर वाफ नाहीं, जागा नाहीं आणि कोरडा कोपराही नाहीं. जुन्या पद्धतीचें बिनतारी यंत्र चालविण्यास लागणाऱ्या शिशाच्या बॅटऱ्या जड असत. नौका एका कुशीवर कलली कीं त्यांतील तेजाब हिंदकळे. आणि त्या भरण्यासाठीं पेट्रोलवर चालणारें एखादें लहान यंत्र न्यावें, तर तेंच समुद्राच्या पाण्यानें बंद पडे. ह्या अडचणींचा पुरा अनुभव ज्या नौकेनें घेतला, ती मुंबईची होती.

त्या नौकेचें नांव ‘सुहैली’. ब्रिटिश व्यापारी जहाजांवर अधिकारी असलेले रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन ह्यांनीं ती मुंबईंत कुलाबा येथें सागवानी लांकडाची बांधवून घेतली. मुंबईच्या सुतारांनीं वाकस व सामता अशा पिढीजात हत्यारांनीं तिचें लांकूड घडविलें. १९६४ च्या डिसेंबरांत ती पाण्यांत उतरली. लांबी अवघी ३२ फूट. १९६८ सालीं लंडनच्या ‘संडे टाइम्स’ ह्या पत्रानें, कोठेंही न थांबतां एकट्यानें पृथ्वीप्रदक्षिणा करणाऱ्यास सुवर्णगोल देण्याचें जाहीर केलें. नऊ जण निघाले. नॉक्स-जॉन्स्टन हे १४ जून १९६८ रोजीं इंग्लंडमधील फालमथ बंदरांतून ‘सुहैली’ घेऊन निघाले.

ह्या प्रवासांत वाऱ्यालाटांशीं जसा झगडा झाला, तसाच विजेशींही झाला. बॅटरीची शक्ति तपासत असतां नौकेला हिसका बसून तेजाबाचा फवारा नॉक्स-जॉन्स्टन ह्यांच्या डोळ्यांत उडाला, आणि परत फिरावें कीं काय, असा प्रसंग त्यांच्यावर आला. पुढें बॅटरी भरण्याचें यंत्र बंद पडलें. त्यांतील ठिणगी पाडणाऱ्या भागांत इंचाच्या कांहीं सहस्रांशाएवढें अंतर ठेवावें लागतें. तें मोजण्याची पट्टी नौकेवर सांपडेना. तेव्हां त्यांनीं पुस्तकाचीं पानें मोजलीं. दोनशें पानांची जाडी एक इंच भरली. म्हणजे एक पान पांच सहस्रांश इंचाचें. आवश्यक तेवढीं पानें फटींत घालून त्यांनीं अंतर बसविलें. तुटलेली तार सांधण्यास डाख नव्हता. तो त्यांनीं जादा दिव्यांच्या तळाशीं असलेले डाखाचे ठिपके वितळवून मिळविला. पानें आणि दिव्यांचे तळ ह्यांच्या साहाय्यानें दुरुस्त केलेली ही वीज हा त्या काळच्या नौकानयनाचा खरा इतिहास होय.

इतकें करूनही बिनतारी यंत्रानें दगा दिला. निघाल्यास फार महिने झाले नाहींत तोंच त्याच्यावरून संदेश पाठविणें बंद पडलें. नोव्हेंबर १९६८ मध्यें न्यूझीलंडच्या किनाऱ्यालगत त्यांची माणसांशीं गांठ पडली. त्यानंतर जवळजवळ पांच महिने ‘सुहैली’ची कांहींच बातमी जगाला नव्हती. ती बुडाली असावी, असें पुष्कळांना वाटूं लागलें. अखेर ६ एप्रिल १९६९ रोजीं नॉक्स-जॉन्स्टन ह्यांनीं अटलांटिक महासागरांत एका ब्रिटिश तेलवाहू जहाजाला हातांतील दिव्यानें उघडझांप करून खूण केली, आणि ते जिवंत असल्याची वार्ता इंग्लंडला पोंचली. यंत्र मुकें झालें, तेव्हां साधा दिवा बोलला. २२ एप्रिल १९६९ रोजीं ते फालमथला परतले. ३१२ दिवसांचा हा प्रवास पुरा करणारे त्या नऊ जणांत ते एकटेच ठरले.

त्याच शर्यतींत विजेशीं संबंध असलेली दुसरी एक कथा घडली, आणि ती शोकपर्यवसायी आहे. डोनल्ड क्रोहर्स्ट हे विद्युत्‌यंत्रांचे जाणकार. नौकांसाठीं दिशादर्शक बिनतारी यंत्रें बनविण्याचा त्यांचा लहानसा कारखाना होता. ‘टीनमथ इलेक्ट्रॉन’ ह्या आपल्या तीन सांगाड्यांच्या नौकेवर त्यांनीं भविष्यकाळाचें स्वप्न रंगविलें होतें. नौका उलटूं लागली तर तें ओळखून तिला सांवरणारें गणकयंत्र तीवर बसवावयाचें, अशी योजना होती. नौकेभर रंगीबेरंगी तारा पसरविल्या गेल्या, परंतु यंत्र तयार होण्यापूर्वींच निघण्याची मुदत संपत आली आणि ते ३१ ऑक्टोबर १९६८ रोजीं घाईनें निघाले. थोड्याच दिवसांत बसण्याच्या जागेखालील झांकणांतून पाणी शिरून विजेचें जनित्र भिजलें, आणि वीज गेली तर आपलें काय होईल, ही चिंता त्यांच्या लेखनांत प्रकट झाली. पुढें ते अटलांटिकमध्येंच घुटमळत राहिले आणि बिनतारी यंत्रावरून खोटीं ठिकाणें कळवूं लागले. १० जुलै १९६९ रोजीं त्यांची नौका समुद्रावर रिकामी सांपडली. क्रोहर्स्ट पुन्हां दिसले नाहींत. ज्या आसनाखालीं गणकयंत्र असावयाचें, तेथें तारांचा जुडगा येऊन नुसताच संपला होता; तारांच्या टोकाला कांहींच जोडलेलें नव्हतें. नॉक्स-जॉन्स्टन ह्यांनीं आपल्याला मिळालेलें पांच हजार पौंडांचें पारितोषिक क्रोहर्स्ट ह्यांच्या कुटुंबाला दिलें.

ह्या दोन नौका शेजारीं शेजारीं ठेवून पाहण्यासारख्या आहेत. एकीचें यंत्र बंद पडलें, पण तिच्या नाविकाचा शब्द खरा राहिला. दुसरीचें यंत्र चालत राहिलें, पण त्यावरून गेलेला शब्द खोटा निघाला. तार ही निरपेक्ष वस्तु आहे. तिच्या एका टोकाला जें ठेवावें, तेंच ती दुसऱ्या टोकाला नेते. म्हणून नौकेवरील विजेचा विचार करतांना तारेच्या दोन्ही टोकांना काय आहे, हें आधीं पाहावें लागतें.

पुढील पंधरा वर्षांत ट्रान्झिस्टरनें हें सारें पालटलें. यंत्रें लहान झालीं, थोड्या विजेवर चालूं लागलीं. पाण्याची खोली सांगणारें एक, नौकेचा वेग सांगणारें दुसरें, डोलकाठीच्या टोंकावरून वाऱ्याची दिशा कळविणारें तिसरें आणि सुकाणूं आपोआप धरणारें चौथें, अशी त्यांची दाटी झाली. त्यांच्या गरजेची जाणीव तीव्र करणारा प्रसंगही घडला. ऑगस्ट १९७९ मध्यें इंग्लंड-आयर्लंडमधील फास्टनेट शर्यतींत वादळानें गांठून पंधरा स्पर्धकांचा बळी घेतला. त्यानंतर त्या शर्यतीच्या नियमांत रेडिओ आवश्यक ठरविण्यांत आला, आणि १९८३ सालीं विजेच्या मार्गदर्शक यंत्रांवरील निर्बंधही उठले.

परंतु यंत्रें वाढलीं तशी एक नवीच अडचण उभी राहिली. प्रत्येक यंत्राला वीज नेणाऱ्या दोन तारा वेगळ्या, आणि माहिती नेणाऱ्या तारा आणखी वेगळ्या. शिवाय एका कारखान्याचें यंत्र दुसऱ्या कारखान्याच्या यंत्राची भाषा समजेना. वारा सांगणाऱ्या यंत्रानें सुकाणूं धरणाऱ्या यंत्राला वाऱ्याची खबर द्यावी, ही गोष्ट कितीही सयुक्तिक असली तरी दोघांमध्यें दुभाष्या नव्हता. अमेरिकेंत १९५७ सालीं स्थापन झालेल्या नौकाविद्युत्‌यंत्र-व्यावसायिकांच्या राष्ट्रीय संघानें, जो एनएमईए ह्या आद्याक्षरांनीं ओळखला जातो, हें काम हातीं घेतलें. १९८० पासून त्यानें कांहीं नियम केले, आणि १९८३ सालीं ‘०१८३’ ह्या क्रमांकाचा नियम प्रसिद्ध केला. त्यांत एक यंत्र बोलणार आणि बाकीचीं ऐकणार, अशी व्यवस्था होती. सेकंदाला ४,८०० चिन्हांशांच्या वेगानें साध्या अक्षरांचीं वाक्यें तारेवरून जात. हरिकीर्तनांत बुवा बोलतात आणि सभा ऐकते, तसाच तो प्रकार होता. उत्तर देण्यास वेगळी तार लागे, आणि बुवा अनेक झाले कीं तारांचा गुंता पुन्हां तयार.

तो गुंता सोडविणारी युक्ति मोटारींच्या उद्योगांतून आली. मोटारींतही तारांचें जंजाळ वाढत चाललें होतें. जर्मनीच्या बॉश कारखान्यानें १९८६ सालीं एक नवी पद्धति जगापुढें ठेवली. तींत सर्व यंत्रें तारांच्या एकाच जोडीवर जोडावीं, कोणीही बोलावें, सर्वांनीं ऐकावें, आणि दोघांनीं एकदम तोंड उघडलें तर ज्याचा संदेश अधिक महत्त्वाचा त्यालाच पुढें बोलूं द्यावें, असा शिष्टाचार होता. हीच पद्धति घेऊन नौकासंघानें विसाव्या शतकाच्या अखेरीस ‘एनएमईए २०००’ हा नियम तयार केला. सेकंदाला अडीच लक्ष चिन्हांश, म्हणजे जुन्याच्या पन्नासपटींहून अधिक वेग. ह्याच काळांत आकाशांतूनही साहाय्य आलें. अमेरिकेची जीपीएस ही उपग्रहयोजना १९९५ मध्यें पूर्ण झाली, आणि मे २००० मध्यें सामान्य नागरिकांच्या यंत्रांना हेतुपुरःसर दिली जाणारी अस्पष्टता काढून टाकण्यांत आली. आपण कोठें आहों, ह्या स्लोकमच्या प्रश्नाचें उत्तर आतां तळहाताएवढ्या यंत्रांतून क्षणोक्षणीं मिळूं लागलें.

ह्या नव्या व्यवस्थेची घडण समजण्यास कठीण नाहीं. नौकेच्या नाळेपासून वरामापर्यंत पाठीच्या कण्यासारखी एक केबल जाते. तिच्या पोटांत पांच वाहक असतात. दोन वीज नेतात, दोन माहिती नेतात, आणि पांचवा बाहेरील विद्युत्‌गोंगाटापासून त्यांचें रक्षण करणाऱ्या वेष्टणाचा असतो. माहितीच्या दोन तारांवर एकाच संदेशाच्या परस्परविरुद्ध छटा जातात. त्यामुळें बाहेरचा उपद्रव दोहोंवर सारखाच बसतो आणि वजाबाकींत नाहींसा होतो. कण्याच्या दोन्ही टोंकांना १२० ओहमचा एकेक रोधक बसवितात. तो नसेल तर भिंतीवर आदळून आवाजाचा प्रतिध्वनि यावा, तसा संदेश टोंकावरून उलटून येतो आणि पुढच्या संदेशांत मिसळतो. वीज बंद करून माहितीच्या दोन तारांमध्यें रोध मोजला आणि तो साठ ओहम भरला, तर दोन्ही रोधक जागेवर आहेत असें समजावें. प्रत्येक यंत्र कण्याला आंखूड फांदीनें जोडतात. ही फांदी सहा मीटरांहून लांब असूं नये, असा नियम आहे.

कण्यांत वीज सोडण्याची जागा हा सर्वांत नाजूक प्रश्न होय. लहान नौकेवर ती एकाच ठिकाणीं सोडावी, शक्यतों कण्याच्या मध्याजवळ सोडावी, आणि बॅटरीकडून येतांना तिला स्वतंत्र खटका व योग्य फ्यूज असावा, असा दंडक आहे. त्याचें कारण साध्या अंकगणितानें कळतें. एक चौरस मिलिमीटर जाडीची तांब्याची तार दहा मीटरवरील यंत्राकडे नेली, तर जाण्यायेण्याची लांबी वीस मीटर होते आणि तिचा रोध सुमारें एक-तृतीयांश ओहम भरतो. तीमधून पांच अँपिअर प्रवाह गेला, तर सुमारें पावणेदोन व्होल्ट वाटेंतच खर्च होतात. बारा व्होल्टची वीज निघाली आणि सव्वादहाची पोंचली. बॅटरी अर्धी उतरलेली असेल तर स्थिति आणखी बिकट होते, आणि नऊ व्होल्टच्या खालीं गेल्यावर ह्या यंत्रांचा भरंवसा राहत नाहीं. वीज मध्यावर सोडली म्हणजे अर्धा भार एका बाजूस व अर्धा दुसऱ्या बाजूस जातो आणि घट कमी होते. दोन ठिकाणांहून अविचारानें वीज सोडली, तर दोन वाटांमधून नको असलेले प्रवाह फिरूं लागतात. तसेंच इंजिन सुरू करण्याच्या बॅटरीवर हीं यंत्रें लटकविलीं, तर इंजिन सुरू होतांना शेंकडों अँपिअर ओढले जाऊन दाब एकदम खचतो, आणि ऐन बंदरांत शिरतांना यंत्रें डोळे मिटतात. रडार किंवा सुकाणूं धरणारें यंत्र ह्यांसारख्या खादाडांना वीज वेगळ्या जाड तारांनीं द्यावी लागते. कण्यावरून त्यांनीं केवळ बोलावें, जेवूं नये.

ह्या सर्वांचा छुपा शत्रु समुद्राचें पाणी. तांब्याच्या उघड्या टोंकांतून ओल आंत शिरते, तार आंतून हिरवी-काळी पडते, आणि वरून ठीक दिसणारा जोड आंतून निकामी झालेला असतो. म्हणून नौकेवरील तारांच्या प्रत्येक धाग्याला कथिलाचा मुलामा देतात. खाऱ्या पाण्यांत दोन धातु एकत्र आले कीं एक दुसऱ्याला खातो, ही गोष्ट जुनी आहे. सर हम्फ्रे डेव्ही ह्यांनीं १८२४ सालीं युद्धनौकांच्या तांब्याच्या पत्र्याला जस्त वा लोखंडाचे तुकडे जोडून तो वांचविण्याचा उपाय सुचविला, तो ह्याच ज्ञानावर. आज नौकेच्या बुडाला जस्ताचे तुकडे लावतात, त्याचें मूळ तेथें आहे. वाट चुकलेली वीज ह्या झिजेला आणखी वेग देते. म्हणून तारेची शिस्त ही केवळ यंत्राची नव्हे, नौकेच्या शरीराचीही राखण आहे.

ह्या नव्या युगांत भारतीय शिडें पृथ्वीप्रदक्षिणेस निघालीं, आणि त्यांचें श्रेय ज्यांच्या ध्यासाला आहे, ते व्हाइस ॲडमिरल मनोहर आवटी होत. निवृत्तीनंतर सातारा जिल्ह्यांत फलटणजवळ विंचुर्णी येथें राहून त्यांनीं ‘सागरपरिक्रमा’ ही कल्पना नौदलाच्या गळीं उतरविली. गोव्यांत मांडवी नदींतील दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर ह्यांच्या कारखान्यांत ‘म्हादेई’ ही ५६ फुटी नौका तयार झाली आणि २००९ च्या आरंभीं पाण्यांत उतरली. कमांडर दिलीप दोंदे ह्यांनीं एकट्यानें प्रवास करण्याचे धडे प्रत्यक्ष नॉक्स-जॉन्स्टन ह्यांच्याकडे घेतले. ऑगस्ट २००९ मध्यें ते मुंबईहून निघाले आणि चार बंदरांत थांबून मे २०१० मध्यें परत आले. एकट्यानें शिडाच्या नौकेंतून पृथ्वीप्रदक्षिणा करणारे ते पहिले भारतीय. पुढें अभिलाष टॉमी ह्यांनीं २०१२-१३ मध्यें त्याच ‘म्हादेई’तून कोठेंही न थांबतां प्रदक्षिणा केली. १० सप्टेंबर २०१७ रोजीं लेफ्टनंट कमांडर वर्तिका जोशी ह्यांच्या नेतृत्वाखालीं सहा महिला अधिकारी ‘तारिणी’ नौकेंतून गोव्याहून निघाल्या, आणि २१ मे २०१८ रोजीं सुखरूप परतल्या. ह्या नौकांवर उपग्रहाचें मार्गदर्शन होतें, संदेश होते आणि त्या साऱ्यांच्या मुळाशीं बॅटऱ्या व तारा होत्या.

त्याच २०१८ सालीं इतिहासानें एक विलक्षण वळण घेतलें. पहिल्या सुवर्णगोल शर्यतीच्या पन्नासाव्या वर्षानिमित्त तीच शर्यत जुन्या काळच्या साधनांनिशीं पुन्हां भरविण्यांत आली. उपग्रहाचें मार्गदर्शन नाहीं, जोडलेल्या यंत्रांचें जाळें नाहीं. सेक्स्टंट, कागदी नकाशा आणि होकायंत्र. अभिलाष टॉमी ‘तुरीया’ घेऊन उतरले. ही नौका दांडेकरांनीं गोव्यांत ‘सुहैली’च्या नमुन्यावर बांधली होती. २१ सप्टेंबर २०१८ रोजीं दक्षिण हिंदी महासागरांत वादळानें नौका उलटली, डोलकाठ्या मोडल्या, आणि टॉमी ह्यांच्या पाठीच्या कण्याला गंभीर इजा झाली. ऑस्ट्रेलियाच्या पर्थ शहरापासून सुमारें १,९०० सागरी मैलांवर ते बिछान्यांत अडकून पडले. हलतां येईना, प्यावयास पाणीही घेतां येईना.

त्यांना वांचविलें तें आपत्कालासाठीं दिलेल्या लहान यंत्रांनीं. उपग्रहामार्फत संकटाची खूण व मोजके शब्द पाठविणारीं हीं हातांत मावणारीं यंत्रें आपली वीज आपल्याच पोटांत बाळगतात. नौकेच्या बॅटरीवर वा तारांवर तीं विसंबून नसतात. डोलकाठ्या कोसळून सारें उद्ध्वस्त झालें, तरी त्यांचा आवाज निघत राहिला. भारतीय नौदलाच्या विमानानें नौका शोधून काढली, आणि २४ सप्टेंबर रोजीं ‘ओसिरिस’ ह्या फ्रेंच गस्ती जहाजावरील लोकांनीं टॉमी ह्यांना उचलून नेलें. चार वर्षांनीं त्यांनीं तीच शर्यत पुन्हां पत्करली आणि २९ एप्रिल २०२३ रोजीं दुसऱ्या क्रमांकानें ती पुरी केली. २ ऑक्टोबर २०२४ रोजीं लेफ्टनंट कमांडर दिलना के. व रूपा ए. ह्या दोघीच ‘तारिणी’ घेऊन गोव्याहून निघाल्या आणि २९ मे २०२५ रोजीं परतल्या.

सव्वाशें वर्षांच्या ह्या वृत्तांतांत एक सूत्र स्पष्ट दिसतें. एकत्र कुटुंबांत चूल एक असली म्हणजे सरपण व श्रम वांचतात. पण ती विझली तर सारें घर उपाशी राहतें. नौकेवरील यंत्रांचें तसेंच आहे. एका कण्यावर सर्वांना जोडल्यानें गुंता गेला, वजन कमी झालें, आणि वाऱ्याची खबर सुकाणवाला तत्काळ मिळूं लागली. त्याबरोबरच एक फ्यूज उडाला किंवा एक जोड गंजला तर खोली, वेग, वारा आणि दिशा सांगणारीं सारीं यंत्रें एका क्षणीं गप्प होण्याचा धोकाही आला. जाणते नाविक म्हणून दोन नियम पाळतात. तारेच्या जोडाची काळजी शिडाच्या शिवणीइतकीच घ्यावी, हा पहिला. आणि सारें जाळें कितीही उत्तम असलें तरी एक होकायंत्र, एक कागदी नकाशा, एक हातदिवा आणि एक संकटयंत्र त्या जाळ्याबाहेर ठेवावें, हा दुसरा.

‘सुहैली’चें बिनतारी यंत्र बंद पडल्यावर बोलला तो हातांतील दिवा, ‘तुरीया’च्या डोलकाठ्या मोडल्यावर बोललें तें स्वतःच्या पोटांत वीज बाळगणारें यंत्र. मधल्या पन्नास वर्षांत तारेनें खलाशाला फार दिलें. जें दिलें त्याचा उपयोग करावा, पण तेवढ्यावरच जीव टांगूं नये, हें समुद्रानें दोन्ही वेळां सारखेंच शिकविलें.